खडीची चढण
कोलोरॅडोच्या डोंगरातलं तिसरं गाव मागे टाकून कॅम्पर व्हॅन लाल दरीकडे उतरू लागली आणि लेनोराला ब्रेक जळल्याचा वास आला. हिवाळ्यात बर्फ खाली ढकलता यावा म्हणून रस्त्याला कठडाच नव्हता. समोर ब्रेक गेलेल्या ट्रकांना रुतून थांबता यावं म्हणून रस्त्याकडेला ठेवलेली खडीची चढण दिसली. “हार्लन, घाल गाडी त्या खडीत!” नवरा हसला. “ट्रकवाल्याची पोर ती ट्रकवाल्याचीच! अगं, गाडी रुतली तर लोक हसतील.” “हसू देत की!” “तू डोंगर बघ, गाडी मी बघतो.” चढण मागे गेली. पुढचं वळण आलं तसा त्याने ब्रेक दाबला. पाय तळाला टेकला, गाडी वेग घेत राहिली. त्याचं हसू अजून ओठांवर होतं. “लेनोरा, सांग ना, काय करू?” लग्नापासून ती या प्रश्नाची वाट पाहत होती. उत्तर मागे, खडीपाशी राहिलं होतं.