डावी गाठ

असे समजा, की तुम्ही आठ वर्षांचे आहात. डोक्यावर तेंदूच्या पानांचे गाठोडे आहे. घाम मानेवरून पाठीत उतरतो आहे, पण खाजवायला हात मोकळा नाही. आणि समोरचा माणूस म्हणतो आहे, "थांब."

कमळा थांबली. थांब म्हणणारा तिचा बाप होता, लटारू. वर्ष झाले, ती त्याच्या घरी राहत नव्हती. आईबरोबर मामाकडे राहत होती.

गोंडपिपरीकडच्या त्या गावात वैशाखाची उन्हे कलली, की सगळे आपापले पुडे फळीवर आणत. फळी म्हणजे जंगलाला लागून साफ केलेले मैदान. सत्तर पानांचा एक पुडा, पळसाच्या मुळीच्या वाखाने बांधलेला. तिथे पुड्यांच्या रांगाच रांगा वाळत पडत. प्रत्येकाची गाठ निराळी असे. फळीवर माणूस चेहऱ्याआधी गाठीवरून ओळखू येई. लटारू विडीसाठी ही पाने घेणाऱ्या ठेकेदाराचा माणूस होता. टोकाला पितळी टोपी असलेल्या आपल्या छडीने पुडे उलटून पाहणे हे त्याचे काम. ती छडी त्याच्या हातातून कधी सुटत नसे.

त्याने कमळाचे गाठोडे खाली उतरवले. छडीने एक पुडा उलटला. मग दुसरा. मग तिसरा.

"डावी गाठ," तो म्हणाला. आवाज चढवलाच नाही. "गावात डावरा एकच हाय. इसरू."

मागे शकुबाई उभी होती, कमळाची आई. तिने डोक्यावरचे ओझे उतरवले नाही. ओझ्याखाली माणसाचा चेहरा नीट दिसत नाही.

येत्या मंगळवारी तिची काडीमोड होती. नवराबायकोसमोर पंचांनी गवताची काडी मोडली, की लग्न मोडले. पण होळीला पंचांतले थोरले गुणवंतराव बजावून गेले होते, "काडी मोडेपर्यंत तू लटारूचीच बायको. तोवर दुसऱ्या मानसासंगं दिसली, तर पोरगी बापाची." मंगळवारला पाचच दिवस उरले होते.

आणि इसरू तर रोज नाल्यावर भेटत होता. उंबराच्या सावलीत तो आणि शकुबाई पुडे बांधत बसत. तो काहीबाही बोले आणि आई हसे. आईला हसता येते, हे कमळाला त्या उन्हाळ्यातच कळले. कमळाचा उजवा हात कामाचा नव्हता. बोटे आत वळलेली, उघडत नसत. हाताच्या पाठीवर बोराएवढा गोल वण. आंब्यावरून पडली, असे गावाला माहीत होते. कोणी विचारले तर तेवढेच सांगायचे, असे आईने भिऊन भिऊन शिकवले होते. म्हणून कमळा तो हात परकराच्या घडीत ठेवी. इसरूने तिला डाव्या हाताने गाठ मारायला शिकवले. वाखाचे एक टोक दातांत, पुडा गुडघ्याखाली. पहिली गाठ पाहून तो म्हणाला होता, "पुडा बांधून राह्यली का ससा? पाय मोकळे सोडले तू त्याचे."

गुणवंतराव फळीवरच होते. लटारूने त्यांना हाक मारली आणि तिन्ही पुडे त्यांच्यापुढे ठेवले.

"पाहा भाऊ. काडी मोडाच्या आंधी हे चालू हाय. बायको गेली तर जाऊ द्या. पोरगी मात्र आजच माह्या घरी येईल."

हे म्हणताना तो कमळाकडे पाहत होता. अंगठा छडीच्या पितळी टोपीवरून हळूहळू फिरत होता. कमळाचा उजवा हात परकरात आणखी खोल गेला.

गुणवंतरावांनी शकुबाईकडे मान वळवली. "काय म्हनते, बाई?"

शकुबाईने डोक्यावरचे ओझे दोन्ही हातांनी धरले.

"गाठ माही हाय," कमळा म्हणाली.

रांगेत कोणीतरी हसले. लटारूही हसला. "एका हातानं? मंग तर इसरूपेक्षा हुशार निंगाली म्हना पोरगी."

त्या तीन पुड्यांतला एकच तिचा होता. बाकीचे दोन कोणाचे, हे तिला ठाऊक होते.

गुणवंतरावांनी मूठभर पाने आणि वाखाचा एक धागा तिच्यापुढे टाकला. कमळा खाली बसली. पाने गुडघ्याखाली दाबली. टोक दातांत धरले. डावा हात दोनदा फिरला. गुणवंतरावांनी तो पुडा उचलला, त्या तीन पुड्यांशेजारी धरला आणि बराच वेळ पाहत राहिले. गाठ तीच होती. वाखाचे शेपूटही त्याच बाजूला.

"बरं," ते म्हणाले. "पन उजव्यानं काऊन नाई बांधत तू?"

"आंब्यावरून पडली ना ते," लटारू घाईने म्हणाला. "दोन वर्सं झाली."

"म्या पोरीले इचारलं."

शकुबाईने डोक्यावरचे ओझे खाली टाकले. आता तिचा चेहरा सगळ्यांना दिसत होता. ती कमळाकडे पाहत होती, आणि या वेळी ती मान हलवून नको म्हणत नव्हती.

कमळा उठली. बापापाशी गेली. त्याच्या हातातली छडी तिने डाव्या हाताने ओढून घेतली. तो इतका चकित झाला, की त्याने ती सोडली. मग तिने परकरातून उजवा हात बाहेर काढला, गुणवंतरावांपुढे धरला आणि छडीची पितळी टोपी त्या गोल वणावर टेकवली. ती तिथे नेमकी बसली.