चपला काढायची जागा

बोट धरणाच्या पाण्यात मधोमध आली तशी काकूंनी चपला काढून कडेला ठेवल्या. पर्यटन विकास मंडळाच्या गाइड प्रशिक्षणात त्यांना हे शिकवलेलं नव्हतं. “खाली आमच्या भैरोबाचं देऊळ आहे,” हात जोडून त्या म्हणाल्या. “गाव उठलं, देव तिथंच राहिला.” पर्यटकांनी मुकाट्यानं बूट काढले.

मंडळाच्या साहेबांना ते फार आवडलं. जाहिरातीत फोटो झळकला, गर्दी वाढली आणि आम्हा नव्या मुलींना चपला काढण्याचा धडाच शिकवू लागले. पुढं डिझेल वाचावं म्हणून साहेबांनी देवळाची जागा धक्क्याजवळ आणली. खूण म्हणून तिथं एक लाल पिंप तरंगत सोडलं.

“साहेब, देऊळ इथं नाही,” काकू म्हणाल्या.

“पर्यटकांना काय कळतंय?”

काकू वाद घालणार होत्या. पण पिंपाकडे, मग पलीकडच्या टेकडीकडे बघत त्या गप्पच झाल्या.

आता प्रत्येक बोट पिंपाशी थांबते, मोटर बंद होते. माणसं अनवाणी उभी राहतात. काकू मात्र खाली वाकून पाण्यावर तळहात टेकवतात, थोपटल्यासारखा.

एकदा धीर करून मी विचारलं, “काकू, इथं खाली काय होतं?”

“ओढ्याचा काठ. तान्ही पोरं पुरायची जागा. माझी थोरली तिथंच आहे.” हात पाण्यावरच होता. “आधी दिवसभर डोक्यावरनं मोटरी जायच्या. आता इथं बंद करतात. तेवढीच तिला झोप.”