उल्कान आजीची शर्यत

तिलेक चालू लागला, म्हणून उल्कान आजीने रिवाजाप्रमाणे नातवाच्या पायांना काळी-पांढरी दोरी बांधली. गावातल्या पोरांनी शर्यत लावायची, जिंकणाऱ्याने ती कापायची, मगच पोर आयुष्यात धड चालतं. पण तिलेकची आई तुरुंगात होती; अशा बाईच्या लेकासाठी कुणी आपलं पोर धाडेना. "आई बेड्यांत, लेकही बांधलेलाच बरा!" कुंपणापलीकडून झामिरा हसली. आजी भडकली. नातवाला नवऱ्याकडे देऊन तिने झगा खोचला आणि रस्त्याच्या टोकावरून ओरडली, "बायांनो, पोरं राहू द्यात, तुम्हीच धावा!" दुधाची बादली टाकून समोरची शेजारीण आली, गुडघे धरत सुईण आली, मग गल्लीच लोटली. साऱ्या एकमेकींना कोपरं मारत धावल्या. पहिल्या आलेल्या सुईणीने दोरी कापली, तिलेक तुरुतुरु निघाला. धापा टाकत आजी कुंपणाकडे वळली. "झामिरा, तुझा नातू चालायला लागला की सांगावा धाड. तुझ्यासारखी दारं लावून नाही बसणार आम्ही!"