गडाचा डोळा

"ह्यो आमचा गड न्हवं, आत्याबाई," साळू म्हणाली आणि पाय आपटत पुढं निघाली.

गडावरच्या पद्मावतीला नारळ फोडून झाला होता, दहीभात खाऊन झाला होता, आणि ठकुबाईनं, तिच्या सासूनं, नुसतं म्हटलं होतं, "चल, कातळाला पडलेलं नेढं दावते तुला."

पोर माघात लगीन होऊन आली, आता दसरा आला, तरी तिचं एकच. म्हायेरी गड होता आणि गडाला डोळा होता. आई सकाळी उंबऱ्यात उभी राहून आधी त्या डोळ्याकडं बघायची, डोळ्यात उजाडलेलं दिसलं की मग धार काढायला बसायची. आणि इथं, वेल्ह्याच्या अंगाला, डोंगर नुसता आडवा पडलेला. डोळा कुठाय? सगळे सांगून सांगून दमले की अगं, हा तोच राजगड, तुझं गाव त्याच्या पाठीमागं. तिला पटेना. तिची वऱ्हाडाची गाडी भोरवरनं, नसरापुरावरनं, कुठनं कुठनं फिरत आली होती. आई एवढी जवळ कशी असेल? आपली समजूत घालतायत सगळे, असं म्हणून ती अर्ध्या ताटावरनं उठायची.

"नेढं हाय की गडाला," चिमाजी, तिचा नवरा, मागनं म्हणाला.

साळूनं उत्तर दिलं ते सासूला. "ह्यांच्या नेढ्यात गुरं बसत्यात म्हनं. आमचा डोळा नाचणीच्या दान्यायेवढा हाय."

चिमाजीला हसू फुटलं. ठकुबाईनं वळून बघितलं तसा तो गप झाला.

सुवेळा माची म्हणजे काय सांगू, डोंगराच्या पाठीवरनं तट नुसता पळत सुटलाय, आणि पाठ एवढी अरुंद की दोन्हीकडं नुसती दरी. त्या दिवशी तर धुकं असं की पुढच्याची टाच दिसेना. आणि त्या धुक्यातनं एकदम काळा कातळ वर आला, हत्ती उठून उभा राहावा तसा. त्याच्या अंगात आरपार भोक. आख्खं घर मावेल एवढं.

वर चढताना वाऱ्यानं साळूचा पदर डोक्यावर ठरेना. ती नेढ्यात उभी राहिली. वरचं छत बघितलं, खालचा कातळ बघितला, आणि तोंड वाकडं केलं.

"बगा. केवढं हाय ह्ये."

ती उतरायला वळली आणि पलीकडच्या अंगाला धुकं फाटलं.

खाली, लांब, उन्हात पिवळी पडायला लागलेली भातखाचरं. दोन ओढ्यांची बेचकी. बेचकीत ओळखीची चार घरं आणि एका घरावर धूर.

साळू बसली. तिनं हात वर नेऊन कातळ चाचपला, मग खाली बघितलं, मग पुन्हा कातळ चाचपला. चिमाजी काहीतरी बोलणार होता, पण ठकुबाईनं त्याचा दंड धरला.

साळूनं विचारलं, अगदी हळू, "आत्याबाई, आपुन डोळ्यात हाय?"

"व्हय."

"आय येता-जाता हिकडं बगती."

वारा भोकातनं घोंगावत होता. साळूनं पदर सावरायचा सोडून दिला आणि नेढ्याच्या अगदी मधोमध, खालनं बघणाऱ्याला जिथनं आभाळ दिसत असेल तिथं, सरकून बसली.

उन्हं कलायला लागली तेव्हा ठकुबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"उतर गं आता. तकडं तुझ्या आयच्या डोळ्यात कवाधरनं कुसळ गेलंय. पानी येत आसंल."