कुमाची करवत

खांद्यावर चेनची करवत टाकून तिखोमिर फाटकाशी आला आणि जागीच थबकला. विदोसावाच्या अंगणातून करवतीचा आवाज येत होता.

"तुझी नोकरी गेली रे, तिखोमिर!" कुंपणापलीकडे मिरच्या भाजत बसलेली देसांका ओरडली. "तिनं स्वतःचीच मशीन आणलीय."

तिखोमिरच्या कानशिलांत रक्त चढलं. ओब्राद आणि विदोसावाच्या लग्नात तोच साक्षीदार होता, म्हणजे या घराचा कूम, आणि विदोसावा त्याची कुमा. आणि कूम म्हणजे काही तुटलं की बदलावं असं सदऱ्याचं बटण नव्हे, हे इथली शेंबडी पोरंही सांगतात. ओब्राद गेला तेव्हा त्याच्या उशाशी बसून तिखोमिरनं शब्द दिला होता, तुझी चूल थंड पडू देणार नाही. तेव्हापासून दर पानगळीत या घराचं सरपण तोच कापी. विदोसावा दारात राकिया घेऊन उभी असे. करवत धरणाऱ्याला घरानं कामाआधी आलुबुखाराची दारू पाजायची, ही रीत. जे घर पाजत नाही त्याची गावभर नालस्ती होते. तो पेला रिकामा करी, पुन्हा पुढे करी, पुन्हा पुढे करी, आणि मग कामाला लागे. गेल्या वर्षी करवत उसळून त्याच्या टोपीचा काठच घेऊन गेली होती. तो किस्सा सांगून त्यानं अख्खा गुत्ता हसवला होता. टोपी विदोसावानं त्याच संध्याकाळी शिवून दिली. आणि आज ही बाई त्याला विचारतसुद्धा नाही?

"दुकानदाराला घाम फोडला हिनं," देसांकाचं चालूच होतं. "तो आपला सगळ्यात मोठी पुढे करतोय. ही म्हणते, हात लांब करून जी मला पेलेल तीच दे, चेन फिरते ती पट्टी आखूड पाहिजे, आणि ब्रेक चालवून दाखव. नवरा निवडताना एवढं बघितलं नव्हतं गं बाई!"

तिखोमिर आत शिरला. अडकू दे हिची चेन, तो मनात म्हणाला, मग मारील हाक.

विदोसावा नवा ओंडका घ्यायला थांबली होती. डोक्यावर शिरस्त्राण, तोंडावर जाळी, अंगात जाडजूड विजार. चेन लागलीच तर विजारीतले धागे तिच्यात गुंततात आणि ती जागीच थांबते.

"चंद्रावर निघालीस काय, कुमा?"

"लांब उभा राहा, कूम," ती म्हणाली.

तिनं करवत जमिनीवर ठेवली, ब्रेक लावला, तिच्या मागच्या मुठीत पाय रोवला आणि मग दोरी ओढली. इथले पुरुष करवत हवेत लोंबकळवून चालू करतात आणि त्यालाच मर्दानगी म्हणतात. ती जरा डावीकडे सरून उभी राहिली. करवत उसळली तरी डोकं तिच्या वाटेत येऊ नये म्हणून. पट्टीचं टोक तिनं एकदाही लाकडाला लागू दिलं नाही. मग आला तो दोन्ही टोकांना टेकलेला लांब ओंडका. इथे भल्याभल्यांची चेन अडकते. तिनं वरून थोडंसं कापलं आणि उरलेलं खालून वर घेतलं. ओंडका मुकाट्यानं दुभंगला.

"शाब्बास!" तिखोमिरच्या तोंडून निघून गेलं. राग कुठल्या कुठे पळाला होता. जन्मभर लाकडं कापली त्यानं, पण इतकं देखणं काम पाहिलं नव्हतं. खरोखर देखणं! आणि तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं. हिला आता आपली गरजच नाही.

त्यानं टोपी काढून हातात घेतली. "झकास कापतेस. म्हणजे या घरातलं कूमचं काम संपलं. सरळ सांगायचं होतंस."

विदोसावानं करवत बंद केली, पट्टीवर म्यान चढवलं आणि घरात गेली. परत आली ती राकियाची बाटली आणि पेला घेऊन.

"आता बस आणि पी. मग लाकडं रचायला लाग. माझ्याच्यानं एकटीनं व्हायची नाहीत."

"आता पाजतेस? कापून झाल्यावर?"

"करवत धरणाऱ्याला आधी पाजायची, ही रीत. तुला प्यायला नाही म्हटलं असतं तर तुझा अपमान आणि माझ्या घराची शोभा. मग काय करणार? करवतच माझ्या हाती घेतली."

तिनं त्याच्या हातातली टोपी घेतली, काठावरच्या काळ्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि ती त्याच्या डोक्यावर नीट बसवली.

"टोपी शिवता आली, कूम. डोकं मला शिवता येत नाही."