गुरुवारची पाकिटं

नॉर्मनने बंद पाकीट कपाळाला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "हे बघ म्युरिएल, चोरी होते ती इथे."

म्युरिएलने त्याच्या कपात चहा ओतला. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार पाकिटं मांडून नॉर्मन एंट्विसल शेहेचाळीस वर्षांची शपथ मोडत होता. इंग्लंडातल्या मोरकंब या समुद्रकाठच्या गावच्या जादूगार मंडळाचा तो अध्यक्ष. युक्ती बाहेरच्याला सांगायची नाही, हा मंडळाचा पहिला नियम. दुसरा नियम सभेत पाइप न ओढण्याचा होता, आणि तो कोणीच पाळत नसे.

खिडकीबाहेर समुद्र ओहोटीने मैलभर मागे गेला होता. नुसता करडा चिखल उरला होता.

म्युरिएलचा नवरा सिरिल हा मंडळातला सगळ्यात मोठा जादूगार. दोन वर्षांपूर्वी वारला. प्रथेप्रमाणे शवपेटीपाशी उभं राहून नॉर्मननेच त्याची जादूची छडी मोडली होती. सिरिल अभिमानाने सांगायचा, "माझी एकही युक्ती बायकोला ठाऊक नाही." मंडळात सगळेच असं सांगायचे. त्यांच्या कोटांतले चोरखिसे कोण शिवतं, हा प्रश्न तिथे कधी निघाला नव्हता.

आणि आता सिरिलचाच चेला ट्रेव्हर मंडळ सोडून मेलेल्यांशी बोलू लागला होता. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता, चर्चमागच्या हॉलमध्ये. लोक आपल्या गेलेल्या माणसासाठी प्रश्न लिहून पाकिटात बंद करत. ट्रेव्हर पाकीट न उघडता कपाळाला लावून प्रश्न सांगे आणि पलीकडून उत्तर आणे. पलीकडे सगळे मजेत होते. कोणाचीच काही तक्रार नव्हती. म्युरिएल तिथे जाते, एकही गुरुवार चुकवत नाही, हे कळलं त्या दिवशी नॉर्मन जेवला नाही.

"पहिला प्रश्न तो मनानेच ठोकून देतो," नॉर्मन सांगू लागला. "लोकांत बसवलेला त्याचाच माणूस मागून ओरडतो, 'माझाच प्रश्न!' मग खात्री करायची म्हणून ट्रेव्हर हातातलं पाकीट फोडतो. आत असते भलत्याचीच चिठ्ठी. ती मनातल्या मनात वाचायची, आणि पुढचं पाकीट कपाळाला लावून हिच्यातलं सांगायचं. कायम एक पाऊल पुढे, बस्स. तिथे सिरिल बोलत नाही गं. तुझीच चिठ्ठी तुलाच वाचून दाखवतात."

"आणि त्या ओरडणाऱ्याचं पाकीट सगळ्यांत खाली ठेवतात," म्युरिएल म्हणाली. "ते सांगायला विसरलास."

नॉर्मनचा हात कपाळाशीच राहिला.

"अरे बाबा, सिरिलने ट्रेव्हरला हे शिकवलं ते याच टेबलावर. प्रेक्षक मी, आणि मागून ओरडणारीही मीच. केक घे, आल्याचा आहे."

"तुला माहीत होतं? मग पहिल्याच गुरुवारी उठून सांगायचंस की सगळ्यांना!"

"सांगितलं असतं तर दुसरा गुरुवार झाला असता का?"

नॉर्मनने केकची बशी बाजूला सारली. "म्युरिएल, मी सगळं लिहून पेपरला दिलंय. माझ्या नावानिशी, आकृत्या काढून. उद्या छापून येतंय. मंडळ मला काढून टाकणार. टाकू दे. म्हटलं, सिरिलच्या बायकोला कोणी बनवतंय आणि मी तोंड शिवून बसू? उद्यापासून त्या हॉलकडे चिटपाखरू फिरकणार नाही."

"माझ्यासाठी केलंस?"

"तुझ्यासाठीच."

ती चिडली असती तर नॉर्मनला बरं वाटलं असतं. तिने फक्त दोघांचे कप उचलून मोरीत ठेवले. घड्याळात पावणेतीन झाले होते. तिने खुंटीवरचा कोट काढला.

"तरी जाणार?" नॉर्मन म्हणाला. "तिथे सिरिल नाही, हे पक्कं ठाऊक असून?"

म्युरिएलने खालपासून वरपर्यंत एकेक बटण लावलं.

"सिरिलची करंगळी लहानपणी दारात चिरडली होती. ती वाकायचीच नाही. पाकीट कपाळाला लावलं की एकटीच वर उभी राहायची," ती म्हणाली. "ट्रेव्हरची करंगळी चांगली धडधाकट आहे. पण त्या गाढवाला वाटलं, तोही युक्तीचाच भाग. अजून तश्शीच धरतो."