दोन पट्टे

“एक कुत्रं पोटभर खात नही, आन तू दुसरं उचली लई उना!” ममता बापावर ओरडली.

बापाने गोणीचं तोंड सोडलं. पिल्लू बाहेर पडलं आणि पडल्या जागीच मुतलं. विसरवाडीच्या एका हॉटेलामागून उचललेलं. अंगाला अजून भज्यांच्या तेलाचा वास मारत होता.

“खाई ते काहीबी,” बाप म्हणाला.

“काय खाई? आम्ही काय खातस ते तरी माहीत शे का तुले?”

समोर रस्त्यावर ऊसतोडीचा ट्रक उभा होता. माय कधीच वर चढून बसली होती, भांड्यांचं गाठोडं मांडीत धरून, तोंड पलीकडे करून. आता चार-पाच महिने दोघं गुजरातेत. मागे घरात तिघी: आठवीतली ममता, सहा वर्षांची रविना, आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळी आजी. घर कुडाचं. कुडापासून वीस पावलांवर दुसऱ्याचा ऊस, माणूसभर उंच. त्या उसात बिबट्या होता. सोमवारी त्याने शेजारच्या दगूबाईची शेळी नेली, दिवसाउजेडी, दाव्यासकट. दगूबाई तिथेच भांडी घासत बसली होती.

भुऱ्या दारात पडला होता. म्हातारं कुत्रं. त्याने पिल्लाकडे एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटून घेतला.

“भुऱ्याले आते घरमां लेत जाय,” बाप म्हणाला. “दिवस बुडाना का आत. आन ह्याले बाहेर बांध. खांबले.”

ममताला रागाने हसू आलं. “ह्ये? ह्याले धड भुकता तरी येस का? काय राखी ह्ये?”

“राखाले नही आनं त्याले.”

तिला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि कळल्यावर पिल्लाकडे बघवेना.

“बिबट्याले बाहेरच काही भेटनं,” बाप पायाखालच्या मातीला सांगत होता, “तं तो आत कसाले येई?”

“मी नही बांधनार. आत्ते सोडी देस बघ रस्त्यावर.”

“सोड. मंग सांग काय करू? ऱ्हाऊ मी आठेच? मंग खाशी काय, ऊसनं पाचट?”

ममताने रिकाम्या गोणीला लाथ घातली. गोणी कुठे लागणार, ती नुसती उडून भुऱ्याच्या अंगावर पडली.

तोवर रविनाने पिल्लू मांडीवर घेतलं होतं. भाकरीचा तुकडा चावून चावून त्याच्या तोंडात घालत होती.

“ह्यान्हं नाव बिस्कुट!”

“नाव नको ठेवू,” ममता खेकसली.

“काबरं?”

“नको ठेवू सांगनं ना!”

रविनाने तोंड पाडलं आणि पिल्लाच्या कानात हळूच म्हणाली, “बिस्कुट.”

बापाने खांद्याच्या पिशवीतून दोन पट्टे काढले. ट्रकच्या जुन्या ट्यूबचे. दोन्हींना आतून खिळे ठोकलेले, टोकं बाहेर. बिबट्या आधी गळा धरतो. एक पट्टा त्याने भुऱ्याच्या गळ्यात तारेने आवळला. भुऱ्याने मुकाट्याने आवळून घेतला, वर शेपूटही हलवली.

दुसरा ममताने उचलला. मघापासून पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.

“म्हंजे ह्यान्हासाठे बी बनाडा तू?”

तिने पट्टा पिल्लाच्या गळ्यात घातला, बटण लावलं. पिल्लाने मान झटकली. पट्टा डोक्यावरून निसटून त्याच्या पायात पडला. तिने परत घातला. परत पडला.

“मोठा शे हाऊ,” ती म्हणाली आणि पट्टा उलटून बघितला. आतून कापड शिवलेलं होतं, दुहेरी, बारीक टाक्यांनी, खिळ्याचं डोकं टोचू नये म्हणून. मायच्या हिरव्या लुगड्याचं कापड. भुऱ्याच्या पट्ट्याला असलं काही नव्हतं.

“त्यान्हा नही तो,” बाप म्हणाला. तिच्या हातातून पट्टा घेतला. “रवी. आठे ये.”

रविना पिल्लू घेऊनच आली.

“हनुवटी वर कर.”

तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. बटण लावलं. पट्टा आणि गळा यांच्यामध्ये दोन बोटं घालून पाहिली. बरोबर बसला होता.

“झोपताना बी काढू नको. बाहेर बसाले जाशी तव्हय बी नही. समजनं?”

रविनाने एका खिळ्याच्या टोकाला बोट लावून पाहिलं. मग भुऱ्याच्या गळ्याकडे पाहिलं, आणि खुदकन हसली. लगेच मातीत हात टेकून चार पायांवर झाली.

“भो! भो!”

भुऱ्या उठून बसला. पिल्लू तिच्याभोवती गोल गोल नाचायला लागलं.

ट्रकने हॉर्न मारला. थांबून पुन्हा मारला, लांबलचक.

ममताने कुडात खोचलेली दोरी ओढून काढली. नाचतं पिल्लू मानगुटीला धरून उचललं, अंगणातल्या खांबाशी नेलं, दोरी गळ्यात घातली आणि गाठ मारली. ओढून बघितली. वर अजून एक मारली. पिल्लू तिचा हात चाटत होतं, तिच्या बोटांना भाकरीचा वास असेल.

“ममता,” बाप मागून म्हणाला.

ती वळली नाही.

“माले आते निंघनं पडी.”